साडूचे बारा शब्द

माझ्या दुकानातलं लॅमिनेशनचं मशीन कधीकधी कागद खातं. रोलर जास्त तापला की कागद आतल्या आत गोळा होतो आणि समोर उभा असलेला माणूस आपला दाखला प्लॅस्टिकच्या सुरकुत्यांत मरताना पाहत राहतो. असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी एका बाईच्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला गेला, आणि तो पुन्हा काढायला तिला चार महिने लागले. तेव्हापासून मी एक नियम केला. लॅमिनेशनला आलेला प्रत्येक कागद आधी स्कॅन करायचा, मग मशीनला द्यायचा. गिऱ्हाइकाला हे सांगायचं नाही, कारण सांगितलं की त्याचा मशीनवरचा विश्वास उडतो. घाटंजीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान वीस वर्षं चालू आहे, त्यात या नियमाचा वाटा आहे असं मी समजत आलो.

जे सांगायचं आहे ते या नियमापासून सुरू होतं. पुढचं सगळं मात्र माझं आहे, त्यात मशीनचा दोष नाही.

माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, पुसदला कॉम्प्युटर क्लास चालवतो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याचं लग्न होईपर्यंत सासुरवाडीत मी 'कॉम्प्युटरवाले जवाई' होतो. कोणाचा सातबारा अडला, कोणाचा निकाल पाहायचा असला की फोन मला यायचा. तो आला, आणि सहा महिन्यांत मी 'झेरॉक्सवाले जवाई' झालो. कोणी ठरवून केलं नाही. आपोआप झालं. तो हसून बोलायचा, लहान पोरं त्याच्या मांडीवर चढायची, सासूबाई त्याच्या ताटात न विचारता वाढायच्या. मी कमी बोलतो. कमी बोलणाऱ्याला लोक शहाणा समजतात, पण शेजारी बोलका शहाणा येऊन बसला की मग कोणी समजत नाही.

तर एके दिवशी तो दुकानात आला. हातात वहीचं अर्धं पान होतं. त्यावर एकाखाली एक, एक ते बारा आकडे टाकून, बारा इंग्रजी शब्द लिहिलेले. अक्षर सुरेख. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

"भाऊजी, हे जरा पक्कं करून द्या. कोणाले दाखवू नका मात्र."

"काय हाये हे? पोरायच्या शब्दार्थाचं?"

"तिजोरीची चावी समजा," तो हसत म्हणाला, आणि त्यानं सांगितलं. त्यानं परदेशातल्या कोणाच्या तरी वेबसाइटची पानं मराठीत करून दिली होती. त्या माणसाला इकडे पैसे पाठवायला बँकेचा खर्च परवडत नव्हता, म्हणून त्यानं बिटकॉइन दिलं. "घे म्हणे, तं घेतलं." तेव्हा त्याची सगळी किंमत एका बऱ्यापैकी मोबाइलएवढी होती. ते फोनमधल्या एका अॅपमध्ये होतं, त्याला वॉलेट म्हणतात. फोन हरवला, फुटला, विकला, तरी हे बारा शब्द याच क्रमानं दुसऱ्या कोणत्याही फोनमध्ये टाकले की सगळं परत समोर येतं. आणि हे शब्द ज्याच्या हाती, ते बिटकॉइन त्याचं. सही नाही, अंगठा नाही, ओळखपत्र नाही.

"मंग हरवलं तं कोणाकडं जायचं?"

"कोणाकडंच नाही. बँकच नाही ना यात, भाऊजी."

एवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत रस्त्यावर गेला. मी सवयीनं कागद स्कॅनरवर ठेवला, झाकण लावलं, बटण दाबलं. मग लॅमिनेशन केलं. मशीननं त्या दिवशी काही खाल्लं नाही. तो परत आला तेव्हा कार्ड गरम होतं. पैसे घेतले नाहीत, साडूकडून कसले घ्यायचे. स्कॅन केल्याचं सांगितलं नाही, कारण कोणालाच सांगत नव्हतो. इथपर्यंत माझ्या मनात काळंबेरं नव्हतं. एवढं एक वाक्य मला माझ्या बाजूनं लिहू द्या.

कोरोनाच्या आधीचा जो अधिक महिना आला, त्यात सासऱ्यांनी दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. आमच्याकडे या जेवणात जावई म्हणजे देव. दोन पाट शेजारी शेजारी, समोर तेहतीस अनारशांचं वाण, त्यावर दिवा. थोरला म्हणून ताट आधी माझ्यापुढे आलं. सासूबाईंनी मला ओवाळलं, मग त्याला. मान माझा झाला, आणि प्रश्न त्याला गेला.

"काहो, ते बातम्याइत सांगून राह्यले होते, बिटकाइन. तुमच्याजोळ हाये म्हणते माही पोरगी," सासरे म्हणाले.

"हाये थोडंसं, बाबा."

"नाणं हाये तं दाखवा ना. हातात घेऊन पाहू."

"हातात घ्याचं नाणं नाही ते. हे पाहा, आपल्या इकडं लग्नात आहेर माइकवर पुकारतात का नाही? अमक्याकडून एकशे एक, तमक्याकडून पितळी गुंड."

"पुकारतात."

"समजा मंग उद्या कोणी म्हणलं, मी एकशे एक नाही, पाचशे एक देल्ले. कोणी मानन काय?"

"कसं मानन? साऱ्या मांडवानं ऐकलं."

"बस, तेवढंच हाये. जगात हजारो कॉम्प्युटर हायेत. कोणी कोणाले बिटकॉइन देल्लं का ते साऱ्याइच्या समोर पुकारल्या जाते, आन् हरेक कॉम्प्युटर आपापल्या वहीत लिहून घेते. एकानं खोटं लिहिलं तं बाकीचे हजार त्याले खोटं पाडतात. म्हणून मधात बँक लागत नाही."

"आन् माइक कोणाच्या हातात राह्यते?" सासऱ्यांनी विचारलं. म्हातारा हुशार. हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

"हा खरा सवाल. एक अवघड गणित राह्यते, म्हणजे लाखो करोडो येळा आकडे टाकून पाहा लागते. ज्याच्या कॉम्प्युटरले आधी जमलं, त्यानं एक पान लिहायचं. धा-एक मिनिटाले एक पान. लिहिनाऱ्याले बक्षीस म्हणून नवीन नाणं भेटते. त्याले मायनिंग म्हणतात."

"म्हणजे खाण."

"खाणच म्हणा. इथं विजेचा कोळसा जळते."

सगळे हसले. मी पुरण गिळलं आणि म्हणालो, "आन् उद्या भाव पडला तं?"

"पडते ना, भाऊजी. मांगच्या हिवाळ्यात आभाळाले गेलता, आता अर्ध्यावर आला. त्याच्यामांगं सोनं नाही, सरकार नाही. लोक घेतात तोपर्यंत मोल. म्हणून मी कोणालेच घ्या म्हणत नाही."

हेही त्यानं असं मोकळेपणानं सांगितलं की मला खोड काढायला जागा उरली नाही. वर त्यानं मला त्याचा पत्ता व्हॉट्सअॅपवर पाठवला, आकडे आणि अक्षरांची एक लांब ओळ. "हा टाकून पाहा नेटवर. माह्याजोळ किती हाये ते कोणालेही दिसते. दिसते साऱ्याले, हलवता फक्त चावीवाल्याले येते."

परत येताना बसमध्ये बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माह्या बहिणीच्या घरात निदान वाढनारं काहीतरी हाये. आपल्याजोळ काय हाये, टोनर."

ती गमतीत म्हणाली असेल. झेरॉक्सच्या शाईचे, म्हणजे टोनरचे, जादा डबे दुकानात मावत नाहीत म्हणून मी घरी आणून ठेवत होतो, ते दुसऱ्या दिवसापासून बंद केलं.

नंतर मी शिकलो. लोक आवडीनं शिकतात, गरजेनं शिकतात. मी हेव्यानं शिकलो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की हिंदी व्हिडिओ लावायचो. साडू कुठेतरी चुकला असेल, ते मला सापडायला हवं होतं. ते सापडलं नाही, विषय मात्र समजत गेला. त्या वहीच्या प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा असतो. मागचं एक अक्षर बदललं की त्या पानाचा ठसा बदलतो, मग पुढच्या पानावरचा जुळत नाही, मग त्याच्या पुढचा, असं शेवटपर्यंत सगळं फुटतं. म्हणून तिला ब्लॉकचेन म्हणतात, पानांची साखळी. नाणी किती निघणार याची हद्द आधीच ठरलेली आहे, दोन कोटी दहा लाख, त्यापुढे नाही. आणि त्या बारा शब्दांचं रहस्य असं की ते कोणी मनानं काढत नाही. दोन हजार अठ्ठेचाळीस साध्या इंग्रजी शब्दांची एक ठरलेली यादी आहे. आंबा, छत्री, बकरी असले शब्द. त्यातून मशीन बारा उचलतं. शब्द साधे, पण बाराच्या बारा त्याच क्रमानं ओळखायला जगातले सगळे कॉम्प्युटर जुंपले तरी जमणार नाही.

दुकानात बसून मी साडूपेक्षा जास्त जाणायला लागलो होतो, आणि हे कोणालाच माहीत नव्हतं. तेही सलायचं.

पहिल्या लाटेनंतरच्या उन्हाळ्यात भाव पुन्हा चढला. या वेळी फार चढला. पुसदला क्लाससाठी स्वतःची जागा घ्यायची साडूची किती दिवसांची इच्छा होती. त्यानं विकायचं ठरवलं. ज्या फोनमध्ये ते अॅप होतं तो फोन तर त्यानं केव्हाच पुसून विकला होता. कार्ड पक्कं होतं ना, मग फोनची काय चिंता. आणि भाड्याच्या घरात चोरी होईल म्हणून ते कार्ड पुसदजवळच्या गावात आईच्या लोखंडी पेटीत ठेवलं होतं.

त्याच्या गावात कुरड्या एकट्या घरी कोणी करत नाही. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, गल्लीतल्या सगळ्या बाया मिळून. गव्हाचा चीक गंजाला, म्हणजे मोठ्या पातेल्याला, असा चिकटतो की बोटांनी निघत नाही. त्याच्या आईला पेटीत कडक, गुळगुळीत, पाण्यानं न भिजणारं कार्ड दिसलं. इंग्रजी शब्द पाहून तिला वाटलं, नातवाचं शाळेचं जुनं काहीतरी. तिनं कात्रीनं आडवे चार तुकडे केले आणि बायांना गंज खरवडायला दिले. मग ते तुकडे बायांबरोबर या अंगणातून त्या अंगणात गेले. साडू गावाला पोचला तेव्हा चारातले दोन सापडले. पहिले तीन शब्द, आणि सात ते नऊ. बाकीचे दोन कोणत्या उकिरड्यात गेले कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्याचा फोन मला दुपारी आला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती.

"भाऊजी, त्या कागदाचं तुमच्या कॉम्प्युटरात काही राह्यलं असन काय? स्कॅन गिन?"

त्या क्षणी मला फाइल कुठे आहे ते माहीत होतं. मशीननं दिलेला नंबर, त्या वर्षाचा फोल्डर. दोन मिनिटांचं काम.

"मी कायले स्कॅन करीन?" मी म्हणालो. "तुम्हीच म्हणलं होतं ना, कोणाले दाखवू नका."

तो मग म्हणाला, "व्हय. ते बी खरं हाये."

नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर एक खोटं झालं असतं. मी त्याचाच शब्द त्याच्या तोंडावर मारला, आणि तो मार त्यानं मान्य केला.

मी चोरी का केली नाही, हे कोणी विचारलं तर माझ्याकडे शोभेसं उत्तर नाही. एकदा मी माझ्या फोनमध्ये वॉलेट उतरवून शब्द टाकायला बसलो होतो. अकरा टाकले. बारावा टाकला नाही, कारण तो टाकला की हलवायचा मोह झाला असता, आणि ते बिटकॉइन जागचं हललं असतं तर त्या उघड्या वहीत साऱ्या जगाला दिसलं असतं, साडूलाही. तो रोज त्याचा पत्ता उघडून पाहत होता. मीही पाहत होतो. पुसदला तो आणि घाटंजीला मी, एकाच काचेतून एकाच ताटाकडे बघणारी दोन माणसं. त्याला वाटे ताट कायमचं बंद झालं. मला ठाऊक होतं किल्ली माझ्या दराजात आहे. मला खायचं नव्हतं. तो उपाशी राहिला की माझं पोट भरत होतं.

भाव पडला की मला हलकं वाटायचं. पाहा, आपण काही फार मोठं नुकसान केलं नाही. भाव चढला की छाती जड व्हायची, आणि त्यातसुद्धा थोडी मजा असायची.

पुढच्या अधिक महिन्यात पुन्हा दोन पाट मांडले गेले. या वेळी सासरे त्याच्याकडे बघून म्हणाले, "ह्या जवाईच्या मायनं साऱ्या गल्लीले लाखाच्या कुरड्या खाऊ घातल्या." पंगत हसली. तोही हसला. मग सासरे माझ्याकडे वळले. "तुमचं बरं हाये, बापू. कागद देल्ला, नगद घेतले. दिसते तं खरं." सासूबाईंनी न विचारता माझ्या ताटात धोंडा वाढला. किती वर्षांनी. मी तो खाल्ला, आणि गोड लागला.

त्याच वर्षी तो दुकानात आला, ती दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांची यादी छापून घ्यायला. माझ्या प्रिंटरवर पानं येत गेली, मी स्टेपल केली. त्यानं पैसे पुढे केले आणि मी घेतले. त्याच्या पिशवीत वह्या होत्या. त्यानं एक उघडून दाखवली. तीन शब्द, मग तीन रिकाम्या जागा, मग तीन, मग तीन रिकाम्या. त्या जागांत यादीतले शब्द बसवून पाहिलेले, पानामागून पान, त्याच सुरेख अक्षरात.

"असं हातानं होत नाही," मी म्हणालो. "युग जाईन."

"माहीत हाये ना, भाऊजी. मीच शिकवतो पोरायले. पन एखांदा आठवला तं तेवढा कमी होईन. मले राहून राहून वाटते का पाचवा शब्द मँगो होता. लिहिताना मले हसू आलतं, का पाहा, तिजोरीत आंबा."

पाचवा शब्द मँगोच होता.

"मनाचे खेळ राह्यतात," मी म्हणालो. "आंबा कोणालेही आठवते."

त्यानं वही मिटली. नंतर बायकोकडून कळलं, त्यानं वह्या करणं सोडून दिलं. बायको म्हणाली, "बरं झालं. येडा झाला असता." मी मान हलवली.

यंदा उन्हाळ्यात त्याची आई दुकानात आली. म्हातारी एकटीच, एसटीनं. मी तिला लग्नकार्यातच पाहिलं होतं, आधी ओळखलंच नाही. तिनं बाकड्यावर बसून कमरेची पिशवी सोडली आणि रुमालातून प्लॅस्टिकचे दोन तुकडे काढले. एकाच्या कडेला चिकाचा पांढरा थर अजून वाळून बसलेला.

"बापू, तुमी कंपुटरवाले. हे दोन पाहून बाकीचे दोन काढता येते काय? माहा नातू म्हणते, कंपुटरात सारं निघते."

मी तुकडे हातात घेतले. तेवढ्यापुरतं तरी तोंड फिरवायला मला काहीतरी हवं होतं.

"तुमच्या पोराले माहीत हाये का, तुम्ही आल्या ते?"

"नाही ना. त्यानं मले एक शब्द बोलला नाही, बापू. एक नाही. शिव्या देल्ल्या असत्या तं मी बी देल्ल्या असत्या, मोकळं झालं असतं. तो म्हणते, माय, तुले काय मालूम. आता गल्लीत कुरड्या असल्या का बाया मले बलावत नाहीत. म्हणतात, हिच्या हातात कातर देऊ नका." ती हे सांगून स्वतःच थोडं हसली. "नसन निघत तं तसं सांगा. इतक्या दूर आली, आता आयकूनच जाईन."

एका म्हातारीनं चार वर्षं माझा गुन्हा कमरेला बांधून वागवला होता.

"निघते," मी म्हणालो.

"खरंच निघते?"

"उद्या मी सवता घेऊन येतो पुसदले. तुम्ही काही बोलू नका घरी."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, देवमाणूस. तिला बसमध्ये बसवून परत आलो आणि शटर अर्धं खाली ओढून बसलो.

आता सोपी वाट कोणती ते लिहितो, म्हणजे पुढचं कळेल. दुसऱ्या दिवशी पुसदच्या बसमध्ये मी एक वाक्य तयार करत गेलो. जुना कॉम्प्युटर भंगारात देताना त्याची डिस्क सहज पाहिली, तर हे निघालं. एवढंच. मी परत कॉम्प्युटरवाला जावई झालो असतो. पंगतीत सासऱ्यांनी सांगितलं असतं, थोरल्यानं धाकट्याला वाचवलं. तेवढ्या प्रवासात मी ती पंगतही पाहून घेतली, कोण काय बोलेल तेही. पश्चात्ताप करायला निघालेला माणूस बसमध्ये आपलं ताट वाढून घेत होता.

क्लासच्या मागेच त्याचं घर आहे. पोरं सुटली होती. मी प्रिंट त्याच्यापुढे ठेवली. त्यानं वाचलं. बोट चौथ्या शब्दावर गेलं, पाचव्यावर थांबलं, मग दहा, अकरा, बारा. वर पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता, आणि माझं वाक्य त्यानंच बोलून टाकलं.

"भाऊजी, जुन्या डिस्कवर भेटलं काय?"

मला फक्त 'व्हय' म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हणालो. "पयल्या दिवसापासून माह्याजोळ होतं. तुमचा फोन आला तेव्हा बी होतं. तुम्ही मँगो म्हणलं तेव्हा बी मले माहीत होतं."

मला वाटलं होतं ओरडेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो, ऐकून घ्यायची.

"काहून?" त्यानं विचारलं.

"तुमचा हेवा वाटे."

"माहा?" त्याला खरंच नवल वाटलं. त्यानं भाड्याच्या खोलीभर एकदा नजर फिरवली, जुने मॉनिटर, मोडकी खुर्ची. "माहा कायचा हेवा, भाऊजी?"

सासूबाई न विचारता वाढतात, हे त्या खोलीत कसं बोलायचं.

त्यानं फोन काढला, वॉलेट उतरवलं, एकेक शब्द टाकला. बारावा टाकल्यावर थोडा वेळ चक्र फिरलं आणि आकडा आला. जितकं होतं तितकं, कण कमी नाही. तो हसला नाही. त्यानं टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढला.

"नवीन वॉलेट बनवा लागन," तो म्हणाला. आवाज शिकवणीचा, सपाट. "हे शब्द तुमाले पाठ असतीन."

"व्हय."

"मंग यातलं सारं त्याच्यात टाकतो. त्याचे शब्द वेगळे." त्यानं पेनचं टोपण काढलं आणि थांबला. "भाऊजी, जरा बाहेर बसता काय?"

त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. यात अपमान नव्हता, रीत होती. चावी ज्यानं पाहिली त्याच्यासमोर दुसरी चावी करत नाहीत. मी बाहेर जाऊन पोरांच्या चपलांच्या फळीवर बसलो.

माझ्या बायकोची बहीण चहा घेऊन आली. तिला अजून काही माहीत नव्हतं.

"इथं कायले बसले, भाऊजी? आत पंखा हाये."

"त्याइचं काम चालू हाये."

ती आत गेली. आधी तिचा आवाज आला, मग त्याचा, बारीक, बराच वेळ. मग तिचा आवाज आलाच नाही. मी फोनवर तो जुना पत्ता उघडला. वहीत नोंद पुकारली गेली होती, पण पान लिहून व्हायचं होतं. चहा संपला. पान लिहून झालं. ज्या आकड्याकडे मी इतकी वर्षं पाहिलं, तिथे शून्य आलं. त्याच्याखाली नवा पत्ता दिसत होता, कारण तिथे काहीच लपत नाही. तो मी पाहून सोडून दिला असं लिहिता आलं तर बरं होतं. मी तो कॉपी केला, जतन केला, आणि मग पुसला. पुसायला मला बराच वेळ लागला.

दारात ती उभी होती. दरवेळी ती म्हणते, जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही. तिनं माझ्या हातातला कप घेतला.

"बस कितीची हाये तुमची?"

मी सांगितली.